ब्लाउजच्या कातरणीतून मगाखालच्या गोधड्या: मग डुगडुगतो, गोट लाटा मारतो

सुई_आणि_ऊन (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांना नमस्कार. नाशिकला इंदिरानगरमध्ये मी घरीच ब्लाउज शिवते, १९ वर्षं झाली. प्रत्येक ब्लाउजमागे थोडंफार कापड उरतंच. वीतभर उरलं तर ते ब्लाउजच्या घडीत ठेवून परत देते, कारण पुढे ब्लाउज सैल करायची वेळ आली की बगलेत जोड द्यायला तोच तुकडा लागतो. पण दोन-चार इंचांचे तुकडे कोणी मागत नाही आणि माझ्या हातून ते टाकले जात नाहीत. रुबिया, खण, कलमकारी, हातमागाची चौकट, इरकलीचा काठ. दिवाणाच्या पोटात दोन पोती भरली आहेत. काढून बसलं की कोणता तुकडा कुणाच्या लग्नातला, हे मला अजून सांगता येतं.

मुलगी पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, "आई, टेबलावर कॉफीच्या मगाचे गोल डाग पडतात, खाली घालायला गोधडीसारखं छोटंसं काहीतरी शिव ना." मला ते इतकं आवडलं की आज दिवसभरात आठ शिवले. पाच इंचांचे चौकोन, वर जोडलेले तुकडे, मध्ये विकत आणलेला पॉलिस्टरचा कापूस (अर्धा इंच जाड), खाली मांजरपाट, कडेनं गोट (कड झाकणारी पट्टी). दिसतात छान. पण वर मग ठेवला की डुगडुगतो. भरलेला मग एकदा कलंडलासुद्धा. गोट लाटा मारतोय, आणि कोपऱ्यात इतका जाड झालाय की मशीनचं पाऊल त्यावर चढत नाही. एका मॅटमधला लाल रंग धुतल्यावर शेजारच्या पांढऱ्यावर उतरला. आणि एक तुकडा, जो मी सुती समजत होते, तो इस्त्रीखाली आकसून कडक झाला.

ब्लाउजमध्ये कापडाला अंगाचा आकार द्यायचा असतो, इथे ते सपाट ठेवायचं आहे, आणि तिथेच माझा हात अडतोय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा. आणखी एक विचारायचं आहे. कापड गिऱ्हाइकाचं, उरलेल्या तुकड्याची वस्तू करून मी विकली तर ते योग्य होईल का? हा प्रश्न मनातून जात नाही.

चहाबाज | रविवार, रात्री १०:१५

ताई, मला शिवणातलं कळत नाही, पण वापरणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. माझ्याकडे अशी एक मॅट आहे, बहिणीनं दिलेली. ती चौकोनी नाही, साधारण ६ बाय ८ इंच आहे. एका बाजूला मग, दुसऱ्या बाजूला दोन बिस्किटं किंवा चमचा. ओला चमचा कागदावर टेकवावा लागत नाही, हे मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. आणि गरम चहापेक्षा उन्हाळ्यात तिचं काम जास्त. एप्रिल-मेमध्ये गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून जो घाम सुटतो, तो सगळा ती पिते. तुमची मॅट पाणी पिते का, ते एकदा बघा.

उरेबपट्टी | रविवार, रात्री ११:०५

ताई, आधी तो कापूस काढा. निम्मा त्रास तिथेच आहे.

गोधडीत आपण भर घालतो ती हवा अडकून राहावी म्हणून. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. मगाखाली आपल्याला ती हवाच नको आहे. मगाचा तळ तीन इंचांचा, वजन सगळं तेवढ्यावर येतं, कापूस एका बाजूला दबतो आणि दुसऱ्या बाजूला फुगतो, म्हणून डुगडुगतं. शिवाय पॉलिस्टर पाणी शोषत नाही. वर चहाबाजदादांनी म्हटलंय तसा ग्लासचा घाम त्यातून सरळ खाली टेबलावर जाईल.

आत काय घालायचं ते सांगते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या टर्किश टॉवेलचा एकच थर. नाहीतर जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे चार पदर. नवीन कापड नको, कारण नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग वरचं कापड सुरकुततं. जुनेर एकदा आटून बसलेलं असतं, ते पुन्हा दगा देत नाही. वरचे तुकडे आणि खालचा मांजरपाटसुद्धा आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. मांजरपाटात खळ असते आणि तो बराच आटतो.

दुसरं, तुम्ही बहुतेक आधी पाच इंच कापून मग आतल्या टिपा मारल्या असणार. तसं करू नका. टिपा मारल्या की कापड आत ओढलं जातं आणि चौकोन वाकडा होतो. वरचा भाग साडेपाच इंचांचा ठेवा, आतला थर आणि अस्तर सहा इंचांचं. तिन्ही थर कच्च्या धावदोऱ्यानं पकडून घ्या. मधून बाहेरच्या दिशेनं टिपा मारा, दोन टिपांत पाऊण इंच अंतर. सगळं झाल्यावर शेवटी पट्टी ठेवून पाच इंचांवर कापा. कड सरळ येईल.

तुकडे जोडताना माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पाव इंच, त्याहून जास्त नको. ब्लाउजला आपण भरपूर माया ठेवतो, हाताला तीच सवय असते. इथे मायेची जाडीच मग तिरपा करते. आणि शेजारच्या दोन शिवणींची माया विरुद्ध दिशांना इस्त्री करून बसवा, म्हणजे जिथे चार तुकडे भेटतात तिथे गाठीसारखा उंचवटा येत नाही.

गोटाचं उद्या लिहिते, डोळे मिटायला लागलेत.

कसमादे | सोमवार, सकाळी ७:३०

इस्त्रीखाली आकसलेल्या तुकड्याबद्दल. मी मालेगावचा, घरात यंत्रमाग होते. कापड हाताला सुती लागलं तरी ते सुती असेलच असं नाही. मिश्र धागा आता इतका मऊ येतो की बोटांना कळत नाही. खात्री करायची एकच घरगुती रीत आहे. तुकड्याचे चार-पाच धागे ओढून काढा, चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख बोटांनी चुरडली की भुगा होते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर जळण्याऐवजी वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी राहतो. मिश्र असेल तर राखही आणि मणीही. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगवेगळे जाळून बघा, कारण बऱ्याच कापडांत ताणा एका धाग्याचा असतो आणि बाणा दुसऱ्या. खिडकी उघडी ठेवा आणि शेजारी पाण्याचं भांडं असू द्या.

पॉलिस्टर २५० अंशांच्या आसपास वितळतं, पण आकसायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. सुती कापडासाठीची इस्त्री २०० अंशांच्या घरात जाते, म्हणून तुमचा तुकडा गेला. चहाचा मग १०० अंशांच्या खालीच असतो, त्यामुळे मगाखाली मिश्र कापड चालून जाईल. पण एक कळकळीची विनंती आहे. याच पद्धतीनं कुणी तवा किंवा कढई उतरवायची पकड शिवणार असेल, तर त्यात पॉलिस्टरचा एक धागाही नको. तापलेल्या लोखंडाला ते चिकटतं आणि हाताला भाजतं.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी १:२०

हा धागा वाचून काम बाजूला ठेवलं. आमचा पंचवटीत वाडा होता. दसऱ्यानंतर आजी माडीवर गोधडी पसरायची आणि संक्रांतीपर्यंत ती तिथेच असायची. ती काठापासून सुरुवात करायची. चारी कडांनी एक फेरा, मग त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं करत चौकोनात चौकोन, शेवटी मध्यभागी. मी विचारायचे की मधूनच का नाही सुरू करत. ती म्हणायची, "कड धरली की कापड पळत नाही." उरेबपट्टीताई मशीनवर मधून बाहेर जायला सांगतायत, आजी हातानं बाहेरून आत जायची. दोन्ही बरोबर कसं?

निफाडकडून थंडीची लाट आली की ती गोधडी अजून काढतो. आजीच्या दोन नऊवारी त्यात आहेत, दोन्हींत दांड घातलेले, म्हणजे मधला विरलेला भाग काढून टाकून जोडलेल्या. एका वस्त्राचं तिसरं आयुष्य चाललंय.

उरेबपट्टी | सोमवार, रात्री ९:४०

गोदाकाठ, प्रश्न अगदी नेमका आहे. मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात आणि पाऊल वरचं कापड मागे धरून ठेवतं, त्यामुळे वरचा थर टिपेपुढे ढकलला जातो. तो ढीग मध्यभागी अडकू नये म्हणून मशीनवर मधून बाहेर जायचं, जास्तीचं कापड कडेला निघून जातं. हाताच्या धावदोऱ्यात ढकलणारं कुणी नसतं. सुई वर-खाली जाते, थर होते तिथेच राहतात. म्हणून आजींना कड आधी बांधता यायची.

आता गोट. ताई, लाटा येतात कारण पट्टी शिवताना तुम्ही ती ओढताय, किंवा पट्टी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेली, आहे. उरेब पट्टी ताणली जाते, तिचा तो गुण गळ्याला हवा असतो. सरळ चौकोनाला उरेब लागतच नाही. उभ्या धाग्यात कापलेली दीड इंचाची सरळ पट्टी घ्या, ती ताणत नाही. गोल कोपरे केलेत तरच उरेब. आणि पट्टी सैल सोडून, नुसती सोबत जाऊ देत शिवा.

कोपऱ्यात जाड होतं कारण पट्टी तुम्ही कोपऱ्यावरून तशीच वळवताय. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, उलटी टीप मारा, मॅट मशीनबाहेर काढा. पट्टी वरच्या बाजूला सरळ उभी दुमडा, तिरकी घडी पडेल. मग तीच पट्टी खाली आणा, वरची घडी मॅटच्या कडेशी बरोबर जुळवा आणि पुढची बाजू कडेपासूनच सुरू करा. पलटल्यावर कोपरा चौकटीच्या लाकडासारखा तिरका बसतो. पट्टीची दोन टोकं कधीही कोपऱ्यात जोडू नका, बाजूच्या मधोमध जोडा. मागच्या बाजूला हातशिलाई करा. तिथे घाई केली की सगळं काम वाया.

पाऊल जाड भागावर चढत नाही त्यालाही उपाय आहे. त्याच जाडीची कापडाची घडी पावलाच्या मागे सरकवा, पाऊल सपाट होतं आणि टाके समान पडतात. काळं जुनं मशीन असेल तर पावलाच्या दांड्यावर, सगळ्यात वर, दाबाचा स्क्रू असतो, तो दोन फेरे सैल करा. सुई १६ नंबरची. जोडताना इंचात १२ टाके, थरांवरच्या टिपांना इंचात ८.

तीळगूळ | सोमवार, रात्री १०:१०

लाल रंगाचं सोपं आहे. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग पक्का होतो. आमच्याकडे आई नेहमी करते.

कसमादे | मंगळवार, सकाळी ७:१५

तीळगूळ, माझ्याही घरी हेच सांगायचे, आणि मीही बरीच वर्षं केलं. पण रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मामांनी समजावलं तेव्हा पटलं. कापड रंगवताना हौदात मीठ घालतात, त्यानं पाण्यातला रंग सुती धाग्याकडे जातो. त्यावरून आपल्याकडे समजूत पडली असावी. कापड एकदा रंगून आलं की मिठानं सुटा रंग धाग्याला बांधला जात नाही. व्हिनेगरचंही सुती कापडावर तसंच. सुटा रंग धुऊनच काढावा लागतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बघायची रीत अशी: तुकडा ओला करा, पांढऱ्या मांजरपाटावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. खाली डाग उमटला तर तो तुकडा अजून तयार नाही. दोन-तीन धुण्यांनंतरही उमटत असेल तर पांढऱ्या शेजारी लावूच नका. गरम मग आणि ओलावा मिळून रोज तेच काम करणार आहेत.

तीळगूळ | मंगळवार, सकाळी ९:००

समजलं. इस्त्रीची परीक्षा आज करून बघते.

येवलेकर | मंगळवार, दुपारी ४:३०

ताई, पोत्यांत पैठणीचे तुकडेही असतील. ते मगाखाली घालू नका, मनापासून सांगतो. आमच्या येवल्यात एक पदर विणताना पाहिला की कळतं. नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या काडीनं, हातानं, शेजारच्या धाग्यात अडकवत न्यावा लागतो. म्हणून अस्सल पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, लोंबते धागे नसतात. मोर असलेल्या चार इंचांत दिवस जातात. शिवाय रेशमावर पाण्याचा थेंब पडला की डाग राहतो, जरीची तार ओलाव्यानं काळवंडते, आणि कापलेल्या कडेनं रेशीम भराभर सुटतं. रोज धुवायच्या वस्तूत ते टिकणार नाही. हे तुकडे चौकटीत बसवा, देवाच्या पुस्तकाला खूण करा, बटव्याला लावा. फारच वाटलं तर ६ बाय ८ च्या मॅटवर बिस्किटांच्या बाजूला एक बारीक पट्टी, मागे सुती अस्तर चिकटवून. मगाच्या बाजूला नाही.

हळियाळ_ते_देवळाली | मंगळवार, रात्री ८:५०

मशीन नको असेल त्यांच्यासाठी एक वेगळी रीत. माझं लहानपण कर्नाटकात हळियाळला गेलं. तिथे आणि यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. अंगणात बसून, पूर्ण हातानं. आधी तुकडे जोडून वरचा भाग तयार करायचा, ही पायरीच त्यात नाही. खाली अस्तर पसरायचं, कोपऱ्यापासून एक तुकडा ठेवायचा, त्याची कड बोटानं आत दुमडायची, धावदोरा घालत पुढे जायचं, तो संपत आला की पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवायचा. कडेनं फेरा मारत मध्यभागापर्यंत. जोडणं, थर पकडणं आणि गोट ही तिन्ही कामं त्या एकाच टाक्यात होतात. गोदाकाठच्या आजींची वाट हीच.

पूर्ण झाली की चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी दिसते असं मानतात. मी ६ इंचांच्या मॅट अशाच करते, गोट लावतच नाही. एका मॅटला दोन संध्याकाळी लागतात. मुंबईतला लोकलचा प्रवास सुटल्यापासून मला बोटांना हे काम हवंच असतं. ज्यांच्या तुकड्यांचे आकार अगदी वेडेवाकडे आहेत त्यांनी हे करून बघा, कापून चौकोन करायला लागत नाही, म्हणजे पुन्हा कातरण पडत नाही.

ओझरकर | बुधवार, सकाळी ११:२०

विकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी दोन वर्षं प्रदर्शनात कापडी पिशव्या मांडते. ताई, किंमत ठरवताना कापड फुकट आहे म्हणून वस्तू स्वस्त लावू नका. एका मॅटला किती मिनिटं गेली ते घड्याळ लावून लिहा आणि तेवढ्या वेळात तुम्ही ब्लाउजचे किती पैसे मिळवता ते शेजारी लिहा. तुमच्या हाताचा दर दोन्हीकडे एकच असायला हवा. गिऱ्हाईक "चिंध्यांचे एवढे?" म्हणेल. म्हणू दे. टाके दाखवा.

सुई_आणि_ऊन | रविवार, रात्री १०:३०

आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधीचे आठही मॅट उसवले. कापूस काढून उशीत भरला. बुधवारी बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, गेले होते, येताना मेन रोडवरून मांजरपाट घेतला, भिजवला, आटू दिला. पाच मीटरचा भिजवल्यावर पाऊण वीत कमी भरला, टेप लावून मोजला. आत जुन्या टॉवेलचा एक थर घातला. साडेपाच इंचांवर टिपा मारून मग पाचवर कापलं. आता चहाचा मग दगडावर ठेवल्यासारखा बसतो. भरलेला ग्लास फ्रीजमधून काढून तासभर ठेवला, खालचं टेबल कोरडं.

तिरका कोपरा पहिल्या तीन मॅटवर जमला नाही. पाव इंच आधी थांबायचं तिथे मी कडेपर्यंत जात होते. चौथ्यापासून टेलर चॉकनं टिंब देऊन ठेवलं, तेव्हा बसला. उरेबपट्टीताई, तो पहिला कोपरा पलटला तेव्हा तुम्ही समोर असायला हव्या होतात. नमस्कार केला असता.

कसमादेदादांच्या रीतीनं अख्खं एक पोतं तपासलं. सुती म्हणून ठेवलेल्यांत निम्म्याहून जास्त मिश्र निघालं. ते वेगळं बांधलं. पैठणीचे अकरा तुकडे निघाले, ते येवलेकरदादांचं वाचून परत डब्यात ठेवले आहेत. एक मॅट कवंदीसारखा हातानं केला, कोपऱ्यांना फुलं लावून. मुलीला तोच पाठवणार.

वेळ लिहिला. मशीनवरच्या एका मॅटला ५५ मिनिटं, हातशिलाई धरून.

आणि तो प्रश्न, कापड गिऱ्हाइकाचं. त्यावर मी माझ्यापुरतं ठरवलं. गुरुवारी एक ताई ब्लाउज न्यायला आल्या. त्यांच्या मुलीच्या डोहाळजेवणाचं हिरवं कापड माझ्याकडे उरलेलं होतं, मागच्या श्रावणातलं. त्याचा आणि त्यांच्याच आताच्या ब्लाउजचा तुकडा जोडून एक मॅट केला होता, तो घडीत ठेवून दिला. त्यांनी तो उघडला, हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि दारातच खुर्चीत बसल्या. नात आता पाच महिन्यांची आहे, म्हणाल्या. यापुढे असंच करणार आहे. ज्यांचं कापड त्यांना पहिला मॅट, पैसे न घेता. त्यानंतर उरेल त्याचे विकायला, आणि विकताना दर ओझरकरताईंच्या हिशोबानं.

उरेबपट्टी | रविवार, रात्री १०:५५

वाचून फार बरं वाटलं. एकच सुचवते: ज्यांना द्याल त्यांना सांगा, पहिलं धुणं साध्या पाण्यात, एकटं, आणि वाळत घालताना पिळायचं नाही. ओला असतानाच हातानं चौकोन सरळ करून ताटावर सपाट ठेवायचा. तारेवर चिमटा लावला की कोपरा लोंबतो.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ६:४५

कवंदीच्या त्या फुलांचा त्रिकोण कसा दुमडायचा, हळियाळताई? आजीच्या गोधडीची एक कड फाटलीय, कोपऱ्यावर लावावं म्हणते.

हळियाळ_ते_देवळाली | सोमवार, सकाळी ८:१०

तीन इंचांचा चौकोन घ्या. तिरका दुमडा, त्रिकोण होईल. तोच पुन्हा मधून दुमडा, आता छोटा त्रिकोण होईल, चार पदरी. उघड्या कडा गोधडीच्या थरांमध्ये आत सरकवा, टोक बाहेर राहू द्या, आणि दुहेरी दोऱ्यानं कोपऱ्यात घट्ट धावदोरा घाला. आजींच्या साडीतला एखादा सुटा तुकडा असेल तर तोच वापरा.